क्लोज म्हणजे चालू

मंगळवारी सकाळी तुम्ही मुसफ्फाच्या साइट ऑफिसात खुर्चीवर बसलात आणि उठला नाहीत. दुपारी ह्यांना फोन आला. संध्याकाळी आम्ही अल रीमला तुमच्या घरी होतो. गुरुवारी अंत्यविधी झाला.

बाकीचं लिहायला इतर लोक आहेत, भाऊजी. इथल्या आखातातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमचा फोटो आला, जन्मगाव आलं, कॉलेज आलं, कुठल्या कुठल्या प्रकल्पांवर इंजिनियर होतात ते आलं. ‘मनमिळाऊ’ हा शब्द बऱ्याच जणांनी वापरला. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. तुम्हाला चटकन राग यायचा आणि तितक्याच चटकन भूक लागायची, आणि या दोन्ही गोष्टी तुम्ही माझ्या घरी येऊन सांगायचात. धाकटा दीर म्हणून तुमच्याशी माझं जे नातं होतं त्याला बहुतेक भांडण हाच शब्द बरोबर आहे. मला तुमच्याशी रविवारच्या वर्गाबद्दल बोलायचं आहे. आपला वाद अर्धा राहिला आहे, आणि मध्यंतरी संतोषची परीक्षा होऊन गेली आहे.

संतोषला तुम्ही पहिल्यांदा आणलंत तेव्हा मी नुकतीच शाळेची नोकरी सोडली होती. दारात तुम्ही, आणि तुमच्या मागे एक सडपातळ माणूस. चपला काढून त्या भिंतीला समांतर लावत होता. उजव्या मनगटाला पट्टी.

‘वहिनी, हा संतोष. गुहागरकडचा. माझ्या साइटवर हेल्पर आहे. याला इंग्रजी शिकवा.’

‘हाताला काय झालं?’ मी विचारलं.

‘इंग्रजी,’ तुम्ही म्हणालात.

मला वाटलं नेहमीची थट्टा. चहा होईपर्यंत तुम्ही सगळं सांगितलंत. फोरमन संतोषला म्हणाला होता, ‘ब्रेकर इज क्लोज्ड.’ ब्रेकर म्हणजे विजेचा मोठा खटका, एवढं मला माहीत होतं. संतोषने ऐकलं, ब्रेकर बंद आहे. आपल्याकडे दुकान बंद, पंखा बंद, रस्ता बंद. बंद म्हणजे थांबलेलं, त्यात भीती नाही. तो ‘येस सर’ म्हणाला आणि पॅनेलमध्ये हात घातला. विजेच्या इंग्रजीत मात्र ब्रेकर क्लोज्ड म्हणजे आतली दोन टोकं जुळलेली, करंट चालू. ओपन म्हणजे टोकं सुटलेली, करंट बंद. झटक्याने तो मागे फेकला गेला म्हणून मनगट भाजण्यावर भागलं.

‘फोरमनचं बरोबर होतं,’ तुम्ही म्हणालात. ‘याचंही बरोबर होतं. याने मनातल्या मनात मराठी केलं, एवढंच.’

मी आयुष्यभर पोरांची वाक्यं सुधारली. चुकीखाली लाल रेघ असते हे मला माहीत होतं. चुकीला पट्टी बांधलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मग रविवारचा वर्ग सुरू झाला. मोहम्मद बिन झायद सिटीतला आमचा हॉल या कामगारांच्या मुसफ्फाच्या खोल्यांपासून जवळ, म्हणून आमच्याकडे. संतोषने खोलीतल्या मित्रांना आणलं. खेडचे नामदेवमामा आले. ते परांची बांधणारे, सगळ्यांत वडील. ‘या वयात इंग्रजी कशाला मामा?’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा म्हणाले, ‘शिव्या कळत नाहीत, साहेब. नुसतं हसून घ्यावं लागतं.’

पहिला भाग तुमचा. तुम्हाला फळा लागत नव्हता. तुम्ही दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायचात.

‘क्लोज! काय झालं?’

‘चालू!’

हात सोडायचात. ‘ओपन! काय झालं?’

‘बंद!’

पहिल्या दिवशी नामदेवमामांनी हात वर केला. ‘साहेब, म्हणजे इंग्रजाच्या घरी दार लावलं की माणूस आत येतो म्हणायचं.’

‘विजेच्या घरी, मामा.’

‘आणि नळ? नळ ओपन केला की?’

‘पाणी येतं.’

‘मग ब्रेकर ओपन केला की करंट का जातो?’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, भाषेत असं असतं, त्याला कारण नसतं, पाठ करायचं. तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही थोडा वेळ दाढी खाजवत बसलात आणि मग विचारलंत, ‘मामा, तुमच्या वाडीत वहाळावर साकव आहे?’

‘आहे की.’

‘त्याची मधली फळी काढली तर पलीकडे जाल?’

‘पाण्यात जाईन.’

‘फळी काढली म्हणजे ओपन. फळी बसवली म्हणजे क्लोज. करंट साकवावरून जातो, नळातून नाही.’

सगळ्यांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं. त्यानंतर वर्गात क्लोज म्हटलं की कोणी ना कोणी ‘फळी बसली’ असं पुटपुटायचं.

हेच तुम्ही घरी मात्र हॉलमधून ओरडायचात, ‘इरा, क्लोज द लाईट!’ आणि तुमची दहावीतली लेक आतून ओरडायची, ‘टर्न ऑफ, बाबा! यू टीच धिस!’ तुमच्या बायकोने, अनघाने, मला हे सांगितलं तेव्हा मी ते पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘घरी मी इंजिनियर नाही.’

तुमचा भाग संपला की तुम्ही मागे जाऊन भिंतीला टेकायचात आणि जाहीर करायचात, ‘यल्ला, चला पोरांनो, सावध. वहिनींचा काळ आला.’ व्याकरणातला काळ आणि दुसरा काळ, दोन्ही एकाच शब्दात. दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी नामदेवमामा नव्याने हसायचे. आता ‘चला, काळाकडे वळू’ असं मलाच म्हणावं लागेल, आणि कोणी हसणार नाही, आणि ते बरोबर आहे.

मी त्यांना ज्या चुका सुधारून दाखवायचे त्यांतल्या निम्म्या तुम्हाला चुका वाटत नव्हत्या. संतोष म्हणायचा, ‘माय फादर आर इन व्हिलेज.’ मी म्हणायचे, एकच वडील, म्हणून ‘इज’. तो कसनुसा व्हायचा. ‘वहिनी, वडिलांना इज कसं म्हणायचं? इज तर आमच्या बैलालाही.’ तुम्ही मागून म्हणायचात, ‘राहू दे ना आर. त्याच्या वडिलांना बरं वाटेल.’ मी म्हणायचे, त्याच्या वडिलांना इंग्रजी येत नाही. तुम्ही म्हणायचात, मग तर राहूच दे.

तुमचा नियम तुम्ही एकदा मांडलात: ज्या चुकीने माणूस मरत नाही ती चूक नाही.

‘मग माझी अर्धी नोकरी फुकट गेली,’ मी म्हणाले.

‘अर्धी? पाऊण म्हणा.’

मी हसले होते, पण मला ते लागलंही होतं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. रागावले होते म्हणून नव्हे. तुमचा नियम मला मान्य होता. फक्त कुठल्या चुकीने माणूस मरतो, ते तुम्हाला पूर्ण दिसलेलं नाही असं मला वाटत होतं. तुम्हाला शब्द दिसायचे. मला क्रियापदं दिसायची.

आपण मराठी माणसं एक गोष्ट करतो ती मला वर्ग घेईपर्यंत लक्षात आली नव्हती. काम करायच्या आधीच आपण ते भूतकाळात सांगून टाकतो. आतून हाक आली की ‘आलो, आलो!’, आणि माणूस जागचा हललेला नसतो. ‘ते बिल पाठव रे.’ ‘पाठवलंच!’ ‘लाईट बंद कर.’ ‘केली!’ आणि हात अजून बटणापर्यंत गेलेला नाही. वर्गातली पोरं हे जसंच्या तसं इंग्रजीत नेत होती. संतोष फोनवर म्हणायचा, ‘सर, आय केम,’ आणि तो बसच्या रांगेत असायचा. सुपरवायझरला वाटायचं हा खोटारडा आहे.

सगळ्यांत चांगलं उदाहरण तुम्हीच होतात. रविवारी सगळे येऊन बसलेले असायचे आणि मी तुम्हाला फोन करायचे. तुम्ही म्हणायचात, ‘आलोच वहिनी!’ मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवायचे आणि विचारायचे, ‘कुठे आहात?’

‘हे काय, निघालोच.’

‘म्हणजे?’

‘बूट घालतोय.’

‘बघा,’ मी वर्गाला सांगायचे. ‘हा माणूस अजून अल रीमच्या लिफ्टमध्येही नाही. याला इंग्रजीत आय केम म्हणता येईल का?’

‘नो मॅडम!’

आणि फोनमधून तुमचा आवाज यायचा, ‘घरचा भेदी!’

यावर तुमचं एक म्हणणं होतं आणि ते मी नीट ऐकून घेतलं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, ‘आलोच’ हे खोटं नाही, ते वचन आहे. समोरच्याने काळजी करू नये म्हणून आपण काम झाल्यासारखं सांगतो. कुठल्या भाषेत आहे असं? मी म्हणायचे, छान आहे, पण पॅनेलसमोर वचन चालत नाही. एकाने ‘केलं’ म्हटलं आणि दुसऱ्याने हात घातला तर? तुम्ही म्हणायचात, पॅनेलसमोर कोणी कोणाच्या शब्दावर हात घालत नाही, मीटर लावून बघतात, असा नियम आहे. मी म्हणायचे, संतोषने लावला होता का मीटर? यावर तुम्ही विषय बदलायचात, पण मान्य करायचा नाहीत.

शेवटच्या रविवारी हेच झालं. संतोषची कंपनीतली तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात ठरली होती. पास झाला तर हेल्परचा इलेक्ट्रिशियन. आधी दोनदा तो नापास झाला होता, कारण परीक्षकाने काहीही विचारलं की तो ‘येस सर’ म्हणायचा. काम त्याला येत होतं, तुम्हीच सांगायचात. तिसऱ्यांदा नापास झाला तर पुन्हा नाव पाठवणार नाहीत, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. मी त्याच्याकडून वाक्यं करून घेत होते. करणार आहे, करतोय, केलं आहे. तीन वेळा, एकाच क्रियापदाची तीन रूपं. तो घामाघूम झाला होता. तुम्ही मागून म्हणालात, ‘खलास, वहिनी. त्याला पास करायचंय, प्राध्यापक नाही करायचं.’

‘मी प्राध्यापक करत नाहीये.’

‘तुम्ही त्याला घाबरवताय. त्याला येतं तेवढं बोलू दे. नो सर, पॉवर ऑन सर, पॉवर ऑफ सर. बास.’

‘त्यात क्रियापद नाही.’

‘करंटला क्रियापद लागत नाही.’

‘माणसाला लागतं,’ मी म्हणाले.

सगळे खाली बघत होते. मग नामदेवमामा म्हणाले, ‘तुम्ही दोघं इंग्रजीत भांडा, म्हणजे आमचं शिक्षण तरी होईल.’ सगळे हसले. तुम्हीही. जाताना दारात तुम्ही म्हणालात, ‘पुढच्या रविवारी उरलेलं भांडू.’ मी म्हणाले, ‘तयारी करून या.’

त्यानंतर मंगळवार.

पुढच्या रविवारी अनघा आणि इरा आमच्याकडेच होत्या. वर्गाच्या वेळेला बेल वाजली. सगळे आले होते, इस्त्रीचे शर्ट घालून, भेटायला. सवयीने ते आपापल्या वर्गातल्या जागी बसले. भिंतीजवळची तुमची जागा कोणी घेतली नाही, आणि कोणी तिकडे पाहिलंही नाही. नामदेवमामांनी बोलायचा प्रयत्न केला. ‘साहेब म्हणजे…’ एवढं म्हणून थांबले. पाणी झालं. थोड्या वेळाने ते उठायला लागले.

तेव्हा अनघा पुढे झाली. ती म्हणाली, ‘संतोषभाऊ, उद्या परीक्षा ना तुमची?’

‘हो वहिनी. पण त्याचं काय आता.’

‘त्याचं काय म्हणजे?’ ती माझ्याकडे वळली. ‘ताई, घ्या ना त्याची तयारी.’

मी म्हणाले, ‘अगं, सुतक आहे. सकाळीच साताऱ्याहून आईंचा फोन होता, घरात काही करू नका म्हणून.’

‘सुतकात देवाचं करायचं नसतं,’ अनघा म्हणाली. ‘इंग्रजी कुठे देव आहे?’

ह्यांनी टीव्हीसमोरची खुर्ची सरकवून जागा केली. त्यांनी आपल्या वर्गात आजवर कधी लक्ष घातलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. तेही बसले.

वेळ थोडा होता आणि संतोषचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन्ही होणार नव्हतं. तुमचं घ्यायचं की माझं, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. मी हाताची बोटं एकमेकांत अडकवली. माझे हात तुमच्यासारखे नाहीत. बोटं नीट अडकेनात. ‘क्लोज,’ मी म्हणाले. ‘काय झालं?’

मग इरा, जी तोपर्यंत फोनमध्ये डोकं घालून बसली होती, वर न बघता म्हणाली, ‘चालू.’ मराठीत. मग सगळे म्हणाले.

सगळा वेळ तुमचेच प्रश्न घेतले. नो सर, पॉवर ऑन सर. क्रियापदाविना. मी काही सुधारलं नाही. संतोष चपला घालत होता तेव्हा मला राहवलं नाही, आणि दारात मी त्याला एवढंच सांगितलं, ‘हात हँडलला लागून काम पुरं होईपर्यंत डन म्हणायचं नाही. कितीही घाई असली तरी.’

‘बरं वहिनी,’ तो म्हणाला. आणि जिना उतरता उतरता, ‘लक्षात ठेवलं!’ म्हणाला, म्हणजे ठेवणार होता.

सोमवारी संध्याकाळी तो आला. सुतक म्हणून पेढे आणले नव्हते. केळी आणली होती. अनघाच्या हातात दिली.

‘पहिलाच प्रश्न साहेबांचा आला,’ तो म्हणाला. ‘ब्रेकर इज क्लोज्ड, यू स्टार्ट वर्क?’

‘मग?’

‘नो सर म्हटलं. क्लोज्ड मीन्स करंट इज देअर.’ सांगताना त्याने बोटं अडकवली. ‘परीक्षेतपण हात असेच झाले, वहिनी. परीक्षकाला वाटलं मी नमस्कार करतोय.’

अनघा हसली. त्या दिवसांतलं पहिलं हसू.

‘मग तो म्हणाला, ओके, स्विच ऑफ अँड लॉक. खटका पाडून कुलूप लाव. आणि मी म्हटलं, डन सर.’

‘लावलं होतंस?’

‘कुठलं? पॅनेलकडे वळलोपण नव्हतो. तोंडातून गेलं. परीक्षकाने पेन खाली ठेवलं. डन, म्हणाला, व्हेअर डन? मला वाटलं, गेलं. तिसऱ्यांदा गेलं.’ त्याने शर्टाने तोंड पुसलं. ‘मग दारातलं आठवलं. म्हटलं, सॉरी सर. नॉट डन. आय ॲम डुइंग. व्हेन आय डिड, आय विल टेल.’

‘मग?’

‘मग तो म्हणाला, गुड. टेल मी व्हेन यू डिड. मी केलं, कुलूप लावलं, मीटर लावला, आणि मग डन म्हटलं. पास, वहिनी.’

मी त्याचं अभिनंदन केलं. अनघाने तुमच्या फोटोपुढे केळी ठेवली. संतोष तिथे थोडा वेळ उभा राहिला, मग बसची वेळ झाली म्हणून गेला.

भाऊजी, तुम्ही असतात तर त्याच वेळी सुरुवात केली असतीत. ‘बघितलंत? व्हेन आय डिड, आय विल टेल. ढळढळीत चूक, आणि पास! परीक्षकानेपण तीच चूक केली!’ मी म्हणाले असते, पास कशामुळे झाला? नॉट डन म्हणाला म्हणून. काळ सुधारला म्हणून. तुम्ही म्हणाला असतात, काळ सुधारला पण व्याकरण कुठे सुधारलं? मी म्हणाले असते, व्हेन आय हॅव डन इट असं पाहिजे. तुम्ही म्हणाला असतात, तोपर्यंत परीक्षक घरी गेला असता. हे पुष्कळ वेळ चाललं असतं. दोन्ही बाजू मला पाठ आहेत, पण एकटीने म्हणून बघितलं तर त्यात तुमची बाजू दुबळी होते. तुम्ही ती जास्त चांगली मांडली असतीत. मध्येच काहीतरी साकवासारखं काढलं असतंत, जे मला सुचत नाही.

आणि ‘आलोच’बद्दल तुम्ही म्हणायचात ते मी आता ऐकून घेतलं आहे. ते वचन असतं, हे खरं आहे. तुम्ही दर वेळी उशिरा आलात, पण एकदाही आला नाहीत असं झालं नव्हतं. वर्गात मी तुमची थट्टा करायचे तेव्हा हे अर्धं सांगत नव्हते. पॅनेलसमोर वचन चालत नाही, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. बाकी ठिकाणी चालतं.

तुम्ही वर्ग सुरू केलात याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. शाळा सोडल्यावर मला वाटलं होतं की आता चुका दिसत राहतील आणि त्या सांगायला कोणी नसेल. तुम्ही एक माणूस दारात आणून उभा केलात आणि चहा मागितलात. दीर-भावजयीत आभार मानायची पद्धत नाही, आणि मानले असते तर तुम्ही त्याचीही थट्टा केली असतीत.

वर्ग रविवारी आहे. संतोष येणार आहे. इलेक्ट्रिशियन झाला तरी येतो म्हणाला. पोरं तुमचं ‘क्लोज’ विसरणार नाहीत, ते आता माझ्यावर अवलंबून नाही. संतोषचं ‘व्हेन आय डिड, आय विल टेल’ हे वाक्य खरं आहे आणि चुकीचं आहे. ते सुधारायचं की तसंच राहू द्यायचं, हे आता मला एकटीला ठरवायचं आहे.